एकेचाळीस निरोप

सकाळचा उजेड त्या प्रयोगशाळेत एकदम शिरत नसे. पूर्वेच्या भिंतीत पुरुषभर उंचीवर दुधी काचेची एक लांबट पट्टी होती. उजेड आधी तिच्यामागे येऊन उभा राही, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा, आणि आत यावं की नाही याचा बराच वेळ विचार करी. मग काचेचा वरचा कोपरा पांढुरका होई. तो पांढुरकेपणा खाली झिरपत भिंतीच्या फरश्यांवर येई, तिथून फ्रीजच्या दारावर, दारावर चिकटवलेल्या तापमानाच्या तक्त्यावर, आणि शेवटी लांब ओट्यावर. ओट्यावर धुऊन पालथ्या घातलेल्या काचेच्या बरण्या असत. त्या उजेड घेत, पण ठेवून घेत नसत. पुढे नळ्यांचे रॅक. तिथे पोचला की उजेडाला दिवसातला पहिला रंग मिळे: जांभळी टोपणं, लाल टोपणं आणि कडेला, वेगळी मांडलेली, निळी. निळ्या टोपणाच्या नळ्या रक्त किती वेळात गोठतं ते पाहण्यासाठी असत. आदल्या दिवशीच्या नळ्यांत रक्त खाली बसलेलं असे आणि वर फिकट पिवळा द्रव तरंगत असे, इतका नितळ, की तो माणसाच्या आतून आला आहे यावर विश्वास बसू नये. उजेड त्या पिवळ्यातून आरपार जाई आणि मागच्या भिंतीवर एक थरथरणारी रेघ उमटे. ती रेघ वीतभर वर सरकेपर्यंत जिन्यावर पावलं वाजत नसत.

त्या रेघेसाठी तो रोज अर्धा तास लवकर येई. निदान स्वतःला तो तसं सांगे. खरं तर त्या अर्ध्या तासात कोणी त्याच्याशी बोलत नसे, हेही त्या उजेडाइतकंच त्याला प्रिय होतं.

त्याचं काम साधं होतं. यंत्रांतून आलेले आकडे रोग्यांच्या नावांशी जुळवायचे, अहवाल छापायचे, सहीला ठेवायचे. दोन वर्षांत त्याच्याकडून एकही नाव इकडचं तिकडे झालं नव्हतं. बोलणं मात्र त्याच्याकडून होत नसे. रक्त तपासणाऱ्या ताई, ज्यांना डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे ताईच म्हणत, पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "काय रे, तोंडात मिठाची गुळणी धरलीयस का?" तेव्हापासून त्याचं नाव गुळण्या पडलं. त्याला ते आवडलं नव्हतं, पण ते सांगायचं तर गुळणी टाकावी लागली असती.

ज्या प्रोग्रामवर तो अहवाल छापे, तो एका निवृत्त बाईंनी फार पूर्वी लिहिला होता. त्या दर शुक्रवारी सकाळी येत, काही बिघडलं असेल तर पाहत आणि न बिघडलेलंही पुसूनबिसून ठेवत. प्रोग्रामची भाषा लिस्प नावाच्या जुन्या संगणकभाषेच्या घराण्यातली होती. पडद्यावर कंसांत कंस, त्यांत आणखी कंस. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्याला पावसात ओळीने मिटून ठेवलेल्या छत्र्या आठवल्या होत्या. शिकायची इच्छा मनात धरून तो एका शुक्रवारी बाईंच्या खुर्चीमागे वीस मिनिटं उभा राहिला होता. शेवटी बाई मागे न पाहताच म्हणाल्या, "विचारता येत नसेल तर लिही."

तेव्हापासून एक शंभर पानी वही बाईंच्या टेबलावर राहू लागली. तो आठवडाभर निळ्या शाईत प्रश्न लिही, बाई शुक्रवारी तांबड्या शाईत उत्तरं देत. शेजारी बसूनही दोघं वहीतूनच बोलत. ताई म्हणत, "अगं बाई, साखरपुडा ठरल्यासारखी चिठ्ठीचपाटी चाललीय नुसती!"

वहीतले प्रश्न कोणत्याही नवशिक्याचे असतात तसेच होते. "या भाषेत क्रियापद आधी का येतं?" त्यावर तांबड्या शाईत: "यंत्राला आधी काय करायचं ते कळावं म्हणून. आपण ते वाक्याच्या शेवटापर्यंत लपवतो." दुसरा प्रश्न: "मी यादीला एक नाव जोडलं, तरी यादी जुनीच का?" उत्तर: "यादी बदलत नसते. तुला नवी यादी मिळाली होती. तू ती हातात घेतली नाहीस." आणखी एक: "माझं फंक्शन स्वतःलाच बोलावतं आणि थांबतच नाही." उत्तर: "थांबायचं कुठे ते आधी लिहावं. पुढे कसं जायचं ते नंतर." काही उत्तरांखाली बाई अगदी बारीक अक्षरात लिहीत, "चांगला प्रश्न." ते दोन शब्द तो घरी जाताना वाटभर मनात घोळवी.

त्या सोमवारी रेघ भिंतीवर अजून पुरती चढलीही नव्हती, तोच ताई आत आल्या. पर्स न ठेवताच त्या रक्त गोठण्याच्या यंत्रापाशी गेल्या. ज्याचं उत्तर आधीपासून ठाऊक असतं असा नमुना रोज सकाळी त्या यंत्राला पाजून पाहिला जाई. शुक्रवारी आणि शनिवारी गर्दीत ते राहून गेलं होतं. आज ताईंनी तो घातला, आकडा पाहिला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिला आणि स्टुलावर बसल्या.

"रसायनाची नवी बाटली गुरुवारी फोडली मी," त्या भिंतीशी बोलल्यासारख्या म्हणाल्या. "तिच्या खोक्यावरचा आकडा यंत्रात भरायचा असतो. भरलाच नाही रे. जुनाच राहिला."

त्याला अर्थ कळायला वेळ लागला नाही. गुरुवारपासून शनिवारपर्यंत निळ्या टोपणाचे जेवढे अहवाल गेले ते सगळे चुकले होते, आणि एकाच बाजूला चुकले होते. ज्यांच्या हृदयात धातूची झडप आहे, ज्यांच्या पायात रक्ताची गाठ झाली होती, अशी माणसं रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात. अहवालात त्यांचं रक्त होतं त्यापेक्षा दाट दिसलं होतं. अहवाल पाहून त्यांचे डॉक्टर गोळी वाढवणार. आधीच पातळ असलेलं रक्त आणखी पातळ होणार.

"किती जण?" ताईंनी विचारलं.

त्याने मोजलं. "एकेचाळीस."

प्रयोगशाळेचे डॉक्टर परगावी परिषदेला गेले होते. ताईंनी त्यांना फोन लावला, कपाळावर हात ठेवून "हो सर, हो सर" म्हणाल्या आणि फोन ठेवला. "आजच्या आज सगळ्यांना कळवायचंय. वाढवलेली गोळी घेऊ नका, लगेच येऊन परत रक्त द्या. मी यंत्र सरळ करते आणि जुन्या नळ्या पुन्हा लावते. तू फोन कर सगळ्यांना. जमेल ना?"

"मी निरोप पाठवतो सगळ्यांना," तो म्हणाला. "मोबाइलवर. प्रोग्राममधून."

"येतं तुला ते?"

"अहवाल तयार आहे असा निरोप आपण पाठवतोच. त्यासाठी बाईंनी लिहिलेलं फंक्शन आहे. फक्त मजकूर बदलायचा."

त्याने कारणंही दिली, आणि ती चांगली होती. फोनवर एखादा ऐकताना चूक करील. लिहिलेलं समोर राहतं. कोणी घरी नसेल, कोणी झोपलेलं असेल. यादीतून पाठवलं की एकही नाव सुटणार नाही. ताईंना समोर दहा रोगी हात पुढे करून बसलेले दिसत होते. "कर बाबा कसंही," त्या म्हणाल्या, "पण कर."

त्याने तीन तास खर्चून ते केलं. आधी मजकूर चार वेळा लिहिला, कोणी घाबरून जाऊ नये आणि कोणी दुर्लक्षही करू नये असा. मग एकेचाळीस क्रमांक यादीत घेतले. मग ती ओळ: या यादीतल्या प्रत्येकाला हे फंक्शन लाव. या भाषेत त्यासाठी 'मॅप' नावाचं एक सुबक साधन होतं आणि ते त्याला नुकतंच कळलं होतं. एका ओळीत एकेचाळीस माणसं. कोणताही आवाज न करता.

खरी यादी लावण्याआधी त्याने पडद्यावरच्या त्या खिडकीत चाचणी घेतली, जिथे एक ओळ लिहिली की यंत्र लगेच उत्तर देतं. चाचणीला तीन क्रमांक: त्याचा स्वतःचा, आईचा आणि ताईंचा. एक सेकंद, दोन सेकंद, तीन सेकंद. त्याच्या खिशात थरथर झाली. घरून आईचा निरोप आला, "कसली गोळी रे? मी कुठे गोळी घेते?" आणि ओट्याकडून ताई ओरडल्या, "आला रे गुळण्या, आला! फर्स्ट क्लास!"

त्या ओरडण्याने त्याचे कान लाल झाले. तीच ओळ त्याने फाइलीत घातली, खरी यादी जोडली, शेवटी 'निरोप पाठवून संपले' अशी अक्षरं उमटवणारी एक ओळ लिहिली आणि फाइल चालवली. बोट उचलायच्या आत पडद्यावर उमटलं: निरोप पाठवून संपले.

तीन निरोपांना तीन सेकंद लागले होते. एकेचाळिसांना एकही लागला नव्हता. हा हिशेब त्याच्या मनाच्या कडेला येऊन उभा राहिला, आणि त्याने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"गेले ना रे?" ताईंनी विचारलं.

"गेले," तो म्हणाला.

मंगळवारी पुन्हा रक्त द्यायला चार जण आले. ताईंनी दुपारी निळी टोपणं मोजली आणि चिडल्या. "एकेचाळिसांतले चार? लोकांना जिवाची काही पडलीय की नाही? आणि त्यातले दोन नेहमीचेच मंगळवारवाले, दोघांना त्यांच्या डॉक्टरांनीच पाठवलेलं! त्यांना विचारलं मी, निरोप मिळाला का, तर म्हणे कुठला निरोप?"

"वाचत नाहीत लोक," तो म्हणाला.

"मग फोन कर ना एकेकाला. कान आहेत त्यांना."

"हो. करतो."

त्याने यादी छापून समोर घेतली. टेबलावरचा फोन काळा होता, बटणांवरचे आकडे बोटांनी पुसट झालेले. पहिला क्रमांक एका शिक्षिकेचा. आता शाळेत असतील, वर्ग चालू असेल. दुसरा एका बस चालवणाऱ्याचा. गाडी चालवताना फोन घेणं बरं नव्हे. तिसरा कुलूपवाल्या काकांचा.

काका दर गुरुवारी येत. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं हातभर रुंदीचं दुकान होतं आणि त्यांच्या छातीत धातूची झडप होती. प्रयोगशाळेत शांतता असली की ती ऐकू येई, बारीक, टिकटिक अशी, जणू खिशात घड्याळ विसरलं आहे. त्याच्या टेबलासमोरच्या बाकावर बसून ते म्हणत, "चाळीस वर्षं कुलपं उघडतोय मी. पण तुझ्या तोंडाला कुठल्या कंपनीचं लावलंय, तेवढं काही कळत नाही बघ." मग स्वतःच हसत, आणि हसताना झडप जरा जलद वाजे. तो त्यांच्याकडे पाहून मान हलवी. दोन वर्षांत त्यांच्याशी तो सगळ्यांत जास्त बोलला होता, म्हणजे बारा-पंधरा वाक्यं असतील.

त्याने रिसीव्हरवर हात ठेवला. घड्याळात दीड वाजला होता. जेवायची वेळ, त्याला वाटलं. ताटावरून माणसाला उठवू नये. शिवाय बाजारातलं दुकान, गिऱ्हाईक समोर असेल, आवाज नीट जायचा नाही. निरोपच बरा. त्याने हात काढला, पडद्याकडे वळला आणि तीच फाइल पुन्हा चालवली.

निरोप पाठवून संपले.

"केलेस?" संध्याकाळी एप्रन काढताना ताईंनी विचारलं.

"पुन्हा पाठवलेत," तो म्हणाला. ताई दिवसभर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, पण ऐकलेलं तपासलं नाही.

बुधवारी यादीतला एकच जण आला, तोही आपल्या नेहमीच्या तपासणीला. तेव्हा त्याने वही उघडली. फार जपून, प्रत्येक शब्द तोलून, त्याने लिहिलं: "मॅप खिडकीत चालवला तर काम होतं. तीच ओळ फाइलीत घातली तर चूकही दाखवत नाही आणि काम होतं की नाही ते कळत नाही. असं का व्हावं?" लिहून झाल्यावर ते फार आग्रही वाटलं म्हणून खाली जोडलं: "सवडीने सांगितलंत तरी चालेल." यादी कसली, निरोप कसला, ते त्याने लिहिलं नाही. प्रश्न भाषेचा होता; त्यात रक्त आणायचं कशाला?

बाईंचा क्रमांक भिंतीवर, फ्रीजच्या शेजारी, जाड अक्षरांत लिहिलेला होता: अडचण असल्यास केव्हाही. शुक्रवार परवावर आला होता. त्याने वही बाईंच्या टेबलावर सरळ रेषेत ठेवली.

गुरुवारी बाकावर काका आले नाहीत. दहा वाजले, साडेदहा झाले. एक लहान मुलगी त्या जागी बसून दंडावरचा कापूस दाबत रडत होती. निरोप वाचून त्यांनी दुसरीकडे तपासलं असेल, त्याने मनाशी म्हटलं. आपल्यावरचा भरवसा उडाला असेल. त्यांच्या न येण्यात त्याने आपला निरोप पोचल्याचा पुरावा शोधला आणि त्या पुराव्यावर तो दिवस काढला.

शुक्रवारी बाई आल्या. चष्मा पुसला, वही उघडली, वाचली. तांबडं पेन हातात घेतलं आणि लिहू लागल्या. तो पाठमोरा बसून कान देऊन होता. कागदावर निब घासल्याचा आवाज त्याला ओळखीचा होता. तो आवाज मध्येच थांबला.

"इकडे ये," बाई म्हणाल्या. दोन वर्षांत त्या त्याच्याशी वहीबाहेर इतकं थेट बोलल्या नव्हत्या.

वहीत त्यांनी लिहिलं होतं: "मॅप काम करत नाही. मागितलंस तर करीन, एवढंच तो म्हणतो. खिडकीला उत्तर छापायचं असतं, म्हणून ती यादीतला एकेक घटक मागते आणि काम होतं. फाइलीत ते उत्तर कोणीच मागत नाही, म्हणून" आणि तिथे वाक्य तुटलं होतं.

"हा नवशिक्यांचा अगदी नेहमीचा प्रश्न आहे," त्या हळू म्हणाल्या. "मीही केलीय ही चूक. पण तू कशावर चालवलास तो? कसली यादी होती?"

त्याने वहीचं पान सरळ केलं.

"अरे, कसली यादी?"

त्याने सांगितलं. बोलताना आवाज इतका लहान झाला की बाईंना पुढे वाकावं लागलं. ओट्यापाशी ताईंच्या हातातली नळी रॅकमध्ये न बसता रॅकच्या कडेवर टेकून राहिली.

"म्हणजे एकही गेला नाही?" ताई म्हणाल्या.

"एकही नाही," बाईंनी उत्तर दिलं. त्यांनी पडद्यावर निरोपांची नोंद उघडली होती. सोमवारी चाचणीचे तीन. त्यानंतर रोजचे 'अहवाल तयार आहे' एवढेच.

"सोमवारपासून?" ताईंचा आवाज चिरला. "आज शुक्रवार आहे रे! चार दिवस माणसं ती गोळी घेतायत!"

बाई लगेच उठल्या. "ओळ दुरुस्त करू का?" असं त्याने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ओळ राहू दे. फोन." त्यांनी यादी नव्याने छापली आणि तिचे तीन तुकडे केले. वरचा ताईंना दिला, मधला स्वतः घेतला आणि पंधरा नावांचा खालचा तुकडा त्याच्यापुढे ठेवला. "आलेले दोन जण खोडून टाक. उरलेल्या तेरांना तू कर."

ताई आणि बाई आपापल्या मोबाइलवर बोलू लागल्या. टेबलावरचा काळा फोन त्याच्या वाट्याला आला. पहिल्या खेपेला त्याचं बोट चुकीच्या आकड्यावर पडलं. दुसऱ्या खेपेला घंटा गेली.

"कोण?" एक म्हातारी बाई. "मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही मला."

तो मोठ्याने बोलला. ती म्हणाली, "तरीच! काल दात घासताना रक्त थांबेना. येते हो, आत्ता येते. बरं झालं फोन केलास, बाळा." दुसऱ्याने निमूट ऐकून घेतलं. तिसऱ्याने चार शिव्या हासडल्या आणि मग पत्ता विचारला. चौथीच्या दंडावर निळे डाग उठले होते आणि ती गोळी थांबवू की नको म्हणून दोन दिवस घोर लावून बसली होती. प्रत्येक फोनला तीन मिनिटं लागत होती. कोणाचा कंठ फाटत नव्हता, आभाळ कोसळत नव्हतं. माणसं विचारत होती, तो सांगत होता.

पाचवं नाव कुलूपवाल्या काकांचं होतं. नव्याने छापताना क्रम बदलून ते खाली आलं होतं. घंटा बराच वेळ वाजली. फोन एका तरुण बाईने उचलला.

"काका आहेत का? मी प्रयोगशाळेतून बोलतोय."

"मी मुलगी त्यांची." पलीकडे भांड्यांचा, माणसांच्या दबक्या बोलण्याचा आवाज होता. "बाबा गेले. काल सकाळी."

त्याने काहीच म्हटलं नाही. तिला ते नवीन नसावं. कालपासून लोक तिच्याशी असेच गप्प राहत असतील. तीच बोलत राहिली.

"मंगळवारी संध्याकाळी दुकानातच पडले. डोक्यात रक्त उतरलं म्हणाले. रक्त फार पातळ झालं होतं म्हणे. आता तुम्हीच सांगा, कसं होईल असं? तुमचा रिपोर्ट बघूनच गोळी वाढवली होती डॉक्टरांनी. बाबांनी एक दिवस चुकवली नाही. डबी बघितली मी, वारांची. सोमवारची खाल्लेली, मंगळवारची खाल्लेली." ती थांबली. "तुम्ही कशाला फोन केला होता?"

रिसीव्हर त्याच्या कानाशी होता. ओठ हलले, पण ज्या दारातून शब्द यायचे ते दार आतून लागलं होतं. ताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्याचा चेहरा पाहूनच आल्या असाव्यात. त्यांनी त्याच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

"मी इथली ताई बोलतेय, बाळा. ऐक. रिपोर्ट चुकला होता. माझ्या हातून चुकला." पलीकडून काय आलं ते त्याला ऐकू आलं नाही. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. मधूनमधून फक्त "हो" म्हणत होत्या. एकदा म्हणाल्या, "नाही गं, कळवलं नाही. कळवायला हवं होतं सोमवारी. नाही कळवलं."  मग त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला.

"उरलेले मला दे," त्या म्हणाल्या.

"मी करतो," तो म्हणाला, आणि त्याने पुढचा क्रमांक लावला. उरलेल्या आठ जणांशी तो बोलला. नाव सांगितलं, चूक सांगितली, गोळीचं सांगितलं. आवाज कापत होता, पण कोणी त्याबद्दल विचारलं नाही. एक जण इस्पितळात होता, नाकातलं रक्त थांबत नव्हतं म्हणून. तिथल्या परिचारिकेला त्याने सगळं दोनदा नीट लिहून घ्यायला लावलं. शेवटच्या नावापुढे खूण केली, तेव्हा भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. तेरा फोन, त्यातला एक ताईंनी पुरा केलेला: पाऊण तास.

बाई आपल्या टेबलावर वही समोर घेऊन बसल्या होत्या. अर्ध्या वाक्यापुढे त्यांनी काही लिहिलं नाही. जिन्यावर पावलं वाजू लागली होती. बोलावलेली माणसं येत होती. म्हातारी पहिली आली, तोंडावर रुमाल धरून. ताईंनी तिला बाकावर बसवलं, तिच्या दंडाला पट्टा बांधला, आणि सुई टोचताना त्यांचा हात नेहमीसारखा स्थिर होता. नळी भरली, निळं टोपण लावलं. मग त्या हात धुऊन त्याच्या टेबलापाशी आल्या.

"बाटलीचा आकडा मी विसरले," त्या म्हणाल्या. "रोजचा नमुना दोन दिवस मी घातला नाही. ते माझं. डॉक्टर उद्या येतायत, त्यांना मीच सांगणार आहे, आणि त्या पोरीच्या दारात जाणारही मीच. तुझ्यावर ढकलत नाहीये मी काही. पण मला एक सांग. सोमवारी मी तुला फोन कर म्हटलं. मंगळवारी पुन्हा म्हटलं. का नाही केलेस?"

"निरोप जास्त..." तो म्हणाला. "म्हणजे, लिहिलेलं समोर राहतं. आणि एकेचाळीस फोनांना वेळ लागला असता."

"किती?"

त्याने मनात गुणाकार केला. दोन तास, फार तर सव्वादोन. सोमवारी ती ओळ लिहायला त्याला तीन तास लागले होते.

"पुढच्या वेळीही उपयोगी पडलं असतं," तो म्हणाला. "आणि शिकायलाही..."

 ताईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर त्याला मान खाली घालून बसता आलं असतं. त्या नुसत्या उभ्या होत्या, ओल्या हातांनी, उत्तर मागत. बाईही मान वळवून पाहत होत्या. बाकावरची म्हातारी कापूस दाबून धरत या तिघांकडे आळीपाळीने बघत होती.

त्याला अनोळखी माणसांशी बोलायची भीती वाटत होती. म्हणून त्याने फोन केले नव्हते.